पुस्तकच सगळं करतं, मग पोरगा कशाला?

मराठी कुमार साहित्याच्या प्रकाशकांना, संपादकांना आणि मलपृष्ठावर पाठराखण लिहिणाऱ्या ज्येष्ठांना,

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी एकाने काढलेली, जादूच्या पुस्तकावरची एक कुमार कादंबरी आम्ही नुकतीच वाचून संपवली. खरं तर मी संपवली, बहुतेक मुलांनी मध्येच सोडली. कादंबरीचं नाव मी इथे लिहिणार नाही, प्रकाशनाचंही नाही, आणि लेखकाचं तर नाहीच. नाव घेतलं की बाकीचे सगळे 'आपल्यावर नाही आलं' म्हणून मोकळे होतात, आणि मला जे म्हणायचंय ते एकट्यादुकट्यापुरतं नाही.

'आम्ही' म्हणजे कोण, ते सांगते. सोलापूरच्या पूर्व भागात एका लहानशा वाचनालयाच्या खोलीत शनिवारी दुपारी पाचवी ते आठवीची मुलं जमतात आणि आम्ही एकच पुस्तक मोठ्याने वाचतो, आळीपाळीने. बहुतेकांच्या घरी तेलुगू बोलतात, शाळा मराठी, आणि गल्लीत कन्नड, दखनी, मराठी सगळ्याची मिसळ. कुणाची आई विड्या वळते, कुणाचे वडील यंत्रमागावर टॉवेल काढतात. शेजारच्या शेडमध्ये माग चालू असतात, त्यामुळे आमच्याकडे मोठ्याने वाचायचं म्हणजे खरोखरच ओरडून वाचायचं. बारीक आवाजाची मुलं इथे महिन्याभरात तयार होतात.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. आलं की गल्लीतून हाक येते आणि निम्मी खोली रिकामी होते. त्यामुळे कुठल्याही पुस्तकाची परीक्षा आम्ही एकाच प्रकारे घेतो: पाण्याची हाक ऐकूनही कोण बसून राहतं? या कादंबरीच्या पहिल्या प्रकरणाला बरीचशी बसून राहिली होती. पाचव्या प्रकरणाला पाणी आलेलं नसतानाच उठायला लागली.

पहिलं प्रकरण चांगलंच आहे. पुण्याचा अकरा वर्षांचा मुलगा मे महिन्यात आजोळी येतो. आजोबांना जाऊन वर्ष झालंय. माळ्यावर एक पेटी, पेटीत लाल रुमालात बांधलेलं बाड, आणि ते मोडीत लिहिलेलं. मुलगा एका अक्षरावर बोट ठेवतो तर बोटाला ओली शाई लागते. कुणीतरी आत्ताच लिहून उठलंय अशी. ज्याला हे सुचलं त्याला लिहिता येतं यात मला शंका नाही. म्हणूनच हे पत्र लेखकाला नाही, तुम्हाला आहे.

प्रकरण संपल्यावर मुलांनी विचारलं, मोडी म्हणजे काय? मला ती जुजबी येते, म्हणून फळ्यावर एक ओळ लिहून दाखवली. आधी आडवी रेघ पूर्ण ओढून घ्यायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची, हात शक्य तितका कमी उचलायचा. दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही, विरामचिन्हं नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, म्हणजे 'दिन' आणि 'दीन' कागदावर एकसारखेच, कुठला ते मागचापुढचा मजकूर बघून ठरवायचं. हे ऐकून सातवीतली एक मुलगी म्हणाली, "मग चुकीचं वाचलं तर चुकीची जादू होणार!" झालं. त्या दिवशी पुस्तक बाजूलाच राहिलं. मुलगा चुकीचं वाचून काय काय घोळ घालेल याच्या गोष्टी सुरू झाल्या. एकाने पुढच्या वेळी घरातल्या जुन्या खरेदीखताचा फोटो मोबाईलवर आणला आणि त्यातल्या दोन अक्षरांवरून भांडणं झाली.

मी त्यांना 'ध'चा 'मा' सांगितला. नारायणराव पेशव्यांना 'धरावे' असा हुकूम होता, आनंदीबाईंनी त्यातला 'ध' बदलून 'मारावे' केलं आणि १७७३ साली शनिवारवाड्यात जे व्हायचं ते झालं, अशी ती सगळ्यांना ठाऊक असलेली कथा. खरं किती, खोटं किती ते इतिहासकार बघतील. पण एका अक्षराने पेशवा जातो, ही गोष्ट ज्या भाषेत शाळकरी पोरांनाही माहीत असते, त्या भाषेत जादूच्या पुस्तकाची कादंबरी लिहायला आणखी काय सामग्री लागते? शिवाय हे सगळं फार लांबचंही नाही. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा मोडी वाचणाऱ्या माणसांची शोधाशोध झाली. ज्या कागदावर घरादाराचं भवितव्य अवलंबून, तो कागद हातात आहे आणि वाचता येत नाही! याहून मोठी उत्कंठा कुठला लेखक उभी करणार?

मुलांना खात्री होती की नायक आता मोडी शिकणार. कुणाकडून शिकणार यावर पैजा लागल्या. गावातल्या म्हाताऱ्या तलाठ्याकडून, असं बहुमत होतं.

दुसऱ्या प्रकरणाच्या दुसऱ्या पानावर बाडातली अक्षरं थरथरतात आणि आपणहून देवनागरी होतात. नायकाच्या सोयीसाठी. मोडीचा पुढे उल्लेखसुद्धा नाही.

खोलीत जी शांतता पसरली ती मागांच्या खडखडाटातही ऐकू आली. मग मघाचीच मुलगी म्हणाली, "मॅडम, हे चीटिंग आहे."

संपादक महोदय, हस्तलिखित तुमच्या टेबलावर होतं तेव्हा या पानावर तुमची पेन्सिल थांबायला हवी होती. लेखक लिहिण्याच्या भरात असतो, अवघड जागा आली की आडवाटेने निघून जातो. सगळेच जातात. त्याला परत त्या जागेवर आणून उभं करणं हे दुसऱ्या कुणाचं काम नाही, तुमचं आहे. 'अहो, पोराला मोडी येत नाही हीच तर तुमची गोष्ट आहे, ती तुम्ही तीन वाक्यांत मारून टाकलीत' एवढं एक वाक्य समासात लिहिलं असतंत, तर कादंबरी वेगळी झाली असती.

आता किमतीचं. पुस्तकाच्या किमतीबद्दल पुढे बोलते, आधी जादूच्या किमतीबद्दल. तिसऱ्या प्रकरणात ते बाड नायकाला बजावतं की प्रत्येक वेळी माझी मदत घेशील तेव्हा तुझी एक आठवण मी घेईन. मुलं पुन्हा सावरून बसली. एकीने वहीत दोन रकाने आखले: डावीकडे मदत, उजवीकडे काय विसरला. डावा रकाना भराभर भरत गेला. बाडाने कुलूप उघडलं, नदीवर पूल टाकला, बहिणीचा ताप उतरवला, राक्षसाला भुलवलं. उजवा रकाना कोराच. सहाव्या प्रकरणानंतर अटीचा उल्लेख नाही, आणि शेवटी नायक आईच्या कुशीत शिरून तिला सगळी हकीकत पहिल्यापासून, तपशीलवार सांगतो. विसरण्याची अट घालून लेखकच ती विसरला!

मग मुलांनीच उजवा रकाना भरायला घेतला. कुलूप उघडलं तेव्हा तो सायकल चालवायला विसरला. पूल टाकला तेव्हा आजोबांचा आवाज विसरला. बहिणीला बरं केलं तेव्हा बहिणीचं नाव गेलं, आता ती बरी होऊन समोर उभी आहे आणि हा तिला 'अगं ए' म्हणतोय. (इथे दोघीतिघी गप्प झाल्या.) राक्षसाला भुलवल्यावर काय जाणार, यावर एकमत होईना. सहावीतला एक मुलगा आहे, सहसा तोंड उघडत नाही. तो म्हणाला, "वाचायचंच विसरला तर?"

तुम्ही आयुष्यभर पुस्तकांच्या धंद्यात आहात, तुम्हाला ते लगेच कळेल. वाचायचंच विसरला, तर समोर सर्वशक्तिमान पुस्तक आहे आणि त्याच्यासाठी ते नुसता कागदाचा गठ्ठा आहे. आता बहिणीला वाचावं लागणार, जिचं नावही त्याला आठवत नाही. ही कादंबरी मी रात्र जागून वाचली असती. ती सहावीतल्या पोराला सुचते आणि छापली जाते दुसरीच, तेव्हा मधल्या साखळीत कुठेतरी माणूस कमी पडलेला असतो.

पुढच्या भागात फारसं रमण्यासारखं काही नाही. एक खलनायक आहे, त्याला पुस्तक हवंय कारण त्याला जगावर राज्य करायचंय. का करायचंय ते त्यालाही माहीत नसावं. शेवटची चाळीसेक पानं बाडातून निघणारे निळे किरण आणि खलनायकाच्या हातातून निघणारे लाल किरण यांची लढाई आहे. त्या लढाईत नायक एका खांबाआड उभा आहे. आमचा आठवीतला दांडगोबा शेवटी वैतागून बोलला तेच या पत्राचं शीर्षक केलंय. त्याच्या तोंडचं मूळ वाक्य असं होतं: "पुस्तकच सगळं करलालंय, मग हा पोरगा कशाला आहे बे?"

मला वाटतं सगळ्या परीक्षणांचं परीक्षण यात आलं. तब्बल दोनशे पानांची, मुलांना वाचनाची गोडी लागावी म्हणून लिहिलेली कादंबरी, तसं प्रस्तावनेतच म्हटलंय, आणि तिच्यात कुणीच वाचत नाही. पुस्तक बोलतं, उडतं, रागावतं, किरण सोडतं. नायक ते उघडतो आणि धरून उभा राहतो. पान उलटायचेही कष्ट नाहीत, वारा येतो आणि पानं उलटतात. पुस्तकाच्या जागी आरसा, अंगठी किंवा आजोबांची काठी ठेवली असती तरी गोष्टीचं एक वाक्य बदलावं लागलं नसतं.

जादूला नियम लागतात, हे काही परदेशी शास्त्र नाही. आमच्या गावात चादरीवरचा मोर मागावर बसवलेल्या जॅकार्ड यंत्राच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेतून येतो. कुठला धागा कधी वर उचलायचा ते पुठ्ठ्यावर ठरलेलं असतं, आणि एक भोक चुकलं तर येणाऱ्या प्रत्येक चादरीवर मोराची मान तशीच वाकडी. ज्या मुलांच्या घरात हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, त्यांना 'जादू आहे, काहीही होऊ शकतं' असं सांगून गप्प बसवता येत नाही. काहीही होऊ शकत असेल तर मग काहीच झालं नाही तरी चालतं, हे त्यांना आपोआप समजतं.

आणि पुस्तकाच्या जादूचं म्हणाल तर ती आपल्याकडे गाडाभर आहे. गुणाढ्याची गोष्ट मी मुलांना या कादंबरीनंतर सांगितली, तोंडाची चव बदलावी म्हणून. सातवाहन राजाच्या दरबारी पैजेत हरल्यामुळे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडलेल्या. मग विंध्याच्या अरण्यात जाऊन पैशाची, म्हणजे पिशाच्चांच्या म्हटल्या जाणाऱ्या भाषेत सात वर्षं बसून सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, आणि रानात शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने. राजाने भाषा ऐकून आणि रक्त बघून नाक मुरडलं. गुणाढ्याने टेकडीवर अग्निकुंड पेटवलं, एकेक पान मोठ्याने वाचायचं आणि आगीत टाकायचं. ऐकायला कोण? हरणं, रानडुकरं, पाखरं. ती चरायची थांबली, डोळ्यांतून पाणी काढत ऐकत उभी राहिली. तिकडे राजवाड्यात राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, मांस सुकं आहे. आचारी म्हणाला, शिकाऱ्यांना विचारा. शिकारी म्हणाले, रानातली जनावरंच वाळलीत, एक माणूस त्यांना काहीतरी वाचून दाखवतोय. राजा धावत गेला तेव्हा सहा लाख श्लोक जळून गेले होते, एक लाख उरले होते.

या गोष्टीत किरण नाहीत, उडणं नाही. एक माणूस वाचतो आणि कुणीतरी ऐकतं, एवढंच घडतं. त्याचा परिणाम मात्र थेट राजाच्या ताटापर्यंत पोचतो, आणि टप्प्याटप्प्याने, कार्यकारणाने पोचतो. आचाऱ्याचा तो सुक्या मांसाचा धागा बघा. असा एक धागा त्या दोनशे पानांत असता तरी मी हे पत्र लिहिलं नसतं. मुलांनी मला जळालेल्या सहा लाख श्लोकांत काय होतं ते विचारून भंडावून सोडलं. त्या शनिवारी पाण्याची हाक आली. एक जण उठला, दारापर्यंत गेला आणि घरी निरोप पाठवून परत आला.

आणखी जवळचं हवं तर सोलापूरच्या दक्षिणेला भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल आहे. तिथल्या संगमेश्वराच्या मंदिरात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा शिलालेख आहे, मराठीतल्या सर्वात जुन्या कोरीव लेखांपैकी एक. सोलापूरचे शिलालेख संशोधक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यातल्या मराठी ओळीचा अर्थ साधारण असा लावतात: जो हे वाचेल तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दगडात वाचणाऱ्यासाठी बक्षीस लावून ठेवलंय! ज्याला हे घेऊन कादंबरी लिहायची नाही त्याने खुशाल लिहू नये, पण निदान एवढं तर बघावं की त्या दगडानेही 'वाचेल तो' अशी अट घातली आहे. नुसता हातात धरून उभा राहील त्याला काही कबूल केलेलं नाही.

आता तुमच्या कामातल्या बारीकसारीक गोष्टी. मी झरझर सांगते, कारण यात चर्चा करण्यासारखं काही नाही. अमावास्येच्या रात्री चंद्रप्रकाशात पेटी उघडते; हे पाचवीतल्या मुलीने पकडलं. मे महिन्यात नदीला पूर आहे आणि त्याचं कारण कुठे दिलेलं नाही. बहीण आधी नऊ वर्षांची आहे, पुढे सात वर्षांची होते (तिची वर्षंही बाडाने घेतली असावीत, अशी शंका एकाने काढली, ती मला पटली). पात्रं उठताबसता खांदे उडवतात, डोळे फिरवतात, सुस्कारे सोडत भुवया उंचावतात. आजोळच्या स्वयंपाकघरात आजी चुलीवर काय रांधते ते एकदाही कळत नाही, जादूच्या राज्यात मात्र पाच प्रकारचे केक आहेत. मुद्रितशोधकाचं नाव आतल्या पानावर छापलेलं आहे. त्यांना हे पुस्तक खरंच दिलं होतं का, एवढं विचारावंसं वाटतं.

चित्रं मात्र देखणी आहेत. चित्रकाराने आतला मजकूर वाचला होता हे चित्रांवरून दिसतं, कारण लढाईच्या चित्रातही त्याने खांबाआडचा मुलगा आठवणीने काढलाय.

पाठराखण करणाऱ्या ज्येष्ठांना एकच विनंती. तुम्ही एका जगप्रसिद्ध परदेशी मालिकेशी या कादंबरीची तुलना केली आहे. तुमचं नाव बघून आमच्यासारखी वाचनालयं पुस्तक घेतात. आम्हाला दुकानात बसून दोन प्रकरणं वाचून बघायची सोय नसते, यादीवर खूण करून पाठवावी लागते. तुमच्या दोन ओळी हीच आमची सोय. त्या न वाचता लिहू नका. वेळ नसेल तर नाही म्हणा, तुमचा मान कमी होणार नाही.

किंमत साडेतीनशे रुपये. आमच्या खोलीतल्या एका मुलाच्या आईला तेवढे रुपये मिळवायला हजाराच्या वर विड्या वळाव्या लागतात. पानं कापायची, भिजवायची, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा, आणि वर कारखान्यात छाट म्हणून काही बाजूला काढल्या जातात, त्यांचे पैसे मिळत नाहीत. तिच्या मालाची तपासणी रोज होते. तुमचा माल कोण तपासतं?

तुमची उत्तरं मला अंदाजाने ठाऊक आहेत. पहिलं, स्वतंत्र संपादक ठेवणं परवडत नाही. हे मी खरं मानते. हजार प्रतींची आवृत्ती संपायला वर्षं लागतात, कागद महागलाय, वितरकाला सवलत द्यावी लागते, पैसे उशिरा येतात. पण मग याच पुस्तकाला गुळगुळीत कागद, सोनेरी ठशाची अक्षरं आणि सभागृह घेऊन प्रकाशन समारंभ कसा परवडला? संपादकाला दिलेले पैसे फोटोत दिसत नाहीत, हे खरं कारण असावं.

दुसरं, 'मुलांना एवढं कळत नाही.' यावर वर पुरेसं लिहिलंय.

तिसरं जरा अवघड आहे. तुम्ही म्हणाल, 'पुस्तक तर खपतंय, तक्रार कुणाची नाही.' बरोबर आहे, नाहीच येणार. मराठीत मुलांचं पुस्तक मूल विकत घेत नाही. ते शाळा घेते, बक्षीस समारंभासाठी संस्था घेते, आणि सगळ्यात जास्त वाचनालयं घेतात. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालच्या नियमांनी अ, ब, क, ड असे वर्ग पाडले, वर्गानुसार अनुदान ठरवलं, अनुदानातला ठरावीक हिस्सा ग्रंथखरेदीवर दाखवायचा असतो. ही व्यवस्था नसती तर खेड्यापाड्यात पुस्तकं पोचलीच नसती, तिला मी नावं ठेवणार नाही. पण तिच्यामुळे असं झालंय की चांगलं पुस्तक आणि वाईट पुस्तक सारखंच खपतं. कपाटात गेलं की नोंद झाली, नोंद झाली की बिल निघालं. ते कुणी उघडलं का, उघडून कितव्या पानावर ठेवून दिलं, हे तुमच्यापर्यंत येण्याचा रस्ताच नाही. मोठ्यांच्या कादंबरीला निदान परीक्षणं येतात, लोक शिव्या घालतात. मुलांच्या पुस्तकाला परीक्षण म्हणजे 'बालवाचकांना आवडेल अशी आशा आहे' हे एक वाक्य, तेही बालवाचकाला न विचारता.

तो रस्ता मी आमच्यापुरता काढून देते.

पुढची कुमार कादंबरी छापायला देण्याआधी तिची साधी झेरॉक्स प्रत आम्हाला पाठवा. चित्रं नसली तरी चालेल, अक्षर मोठं ठेवा. आम्ही ती पहिल्यापासून मोठ्याने वाचू आणि तुम्हाला कळवू की पाण्याची हाक आली तेव्हा कितव्या पानावर कोण उठलं आणि कोण बसलं. जिथे मुलांनी प्रश्न विचारले ती पानं दुमडून पाठवू. पुढे काय होईल असं त्यांना वाटलं तेही लिहून देऊ. ते तुमच्या लेखकाने उचललं तरी हरकत नाही, या मुलांना सुचायला काही कमी नाही. मानधन नको. पुस्तक निघालं की दोन प्रती द्या, कारण एक प्रत इथे आठवड्यात फाटते.

अटी दोन. लेखकाला सोबत पाठवू नका. समोर पाहुणा असला की मुलं 'छान आहे' म्हणतात आणि माझी मेहनत वाया जाते. आणि हस्तलिखित जानेवारीत पाठवू नका. सिद्धेश्वराची यात्रा असते, होम मैदानावर गड्डा भरलेला असतो, तेव्हा आमच्याकडे कुणीही फिरकत नाही, मीसुद्धा.

आपली,
पूर्व भागातल्या एका वाचनालयात शनिवारी मुलांबरोबर वाचणारी,
सोलापूर